गाडी सुटण्याआधी रक्त तपासा

निपाणीहून कोल्हापूर चाळीसएक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. अथणीहून मिरज पन्नास-पंचावन्न, आणि जिल्ह्याचं ठिकाण म्हणून बेळगाव गाठायचं तर दीडशेच्या घरात. खानापूरहून बेळगाव पंचवीस-तीस किलोमीटरच, पण कणकुंबीकडून किंवा भीमगडच्या जंगलातल्या एखाद्या गावातून निघायचं असेल, तर पावसाळ्यात खानापूर गाठेपर्यंतच जीव मेटाकुटीला येतो. ही अंतरं सीमाभागातल्या घराघरांत तोंडपाठ आहेत. रात्री कुणाचं जास्त झालं की पहिला प्रश्न हाच असतो : न्यायचं कुठं? तालुक्याच्या दवाखान्यात नाडी बघतात, बीपी घेतात, बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावतात, सलाईन जोडतात आणि चिठ्ठी लिहून देतात, 'वर न्या'.

त्या चिठ्ठ्या घेऊन वर आलेली माणसं मी वर्षानुवर्षं कॅज्युअल्टीत बघत आले आहे. चिठ्ठीवर नाव असतं, वय असतं, बीपी असतं, दिलेल्या इंजेक्शनांची नावं असतात. रक्त किती आम्ल झालंय, हे क्वचितच असतं. माझं म्हणणं असं आहे की, तालुका रुग्णालयातून अत्यवस्थ माणूस पुढं पाठवताना गाडी सुटण्याआधी त्याच्या रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप, तो जितका खाली तितकं रक्त आम्ल), कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट (आम्ल शोषून घेणारा क्षार) आणि लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन-रक्त कमी पडलं की वाढणारं आम्ल) हे चार आकडे काढलेच पाहिजेत. ते चिठ्ठीवर पेनाने लिहिले पाहिजेत. आणि कुठं न्यायचं, किती घाईने न्यायचं, सोबत कोण बसणार, हे त्या आकड्यांवर ठरलं पाहिजे. पेनाने लिहा असं मुद्दाम म्हणते, कारण हे आकडे काढणाऱ्या ब्लड गॅस मशीनमधून निघणारी अरुंद पट्टी थर्मल कागदाची असते. खिशातल्या घामाने आणि गाडीतल्या उन्हाने तिच्यावरचं छापलेलं पुसट होत जातं, आणि वर पोचेपर्यंत नातेवाईक आपल्या हातात एक काळपट कागद ठेवतात.

आधी एक गैरसमज बाजूला सारते. जळजळ, आंबट ढेकर, पित्त यांच्याशी या आम्लतेचा संबंध नाही. पोटातलं आम्ल पोटात असतं आणि ते तिथं असायलाच हवं. 'अल्कलाइन' म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या पाण्याने रक्ताचा पीएच हलत नाही, ते पैसे वाया. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो, आणि शरीर तो तिथं राखण्यासाठी अष्टौप्रहर राबत असतं. पेशी सतत आम्ल तयार करतात. त्यातला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसं श्वासावाटे बाहेर टाकतात, त्याला मिनिटं लागतात. बाकीचं मूत्रपिंडं लघवीवाटे काढतात, त्याला तास आणि दिवस लागतात. यातलं एक दार बंद झालं किंवा आत आम्लाचा लोंढाच सुरू झाला, की पीएच घसरतो.

७.४ चा ७.१ झाला तर ऐकणाऱ्याला वाटतं, पाव-अर्ध्याचा फरक, त्यात काय एवढं. पण ही मोजपट्टी लॉगॅरिदमची आहे. ०.३ ची घसरण म्हणजे रक्तातले हायड्रोजन आयन दुप्पट, लिटरला ४० नॅनोमोलचे ८०. एवढ्या आम्ल रक्तात हृदयाचा ठोका अशक्त होतो, रक्तवाहिन्या औषधाला दाद देईनाशा होतात, पेशींतलं पोटॅशियम बाहेर येऊ लागतं, रक्त गोठवणारी यंत्रणा मंदावते. हायवेवर रात्री उसाच्या बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉलीवर आदळलेला मोटरसायकलवाला घ्या. तो रक्तस्रावाने थंड पडतो, थंडीने आणि आम्लतेने त्याचं रक्त गोठायचं थांबतं, आणि न गोठल्याने आणखी वाहतं. शस्त्रक्रिया करणारे या तिकडीला फार भितात.

आता धोक्याचा हिशेब. २००५ साली बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी एका इमर्जन्सी विभागात जंतुसंसर्ग घेऊन आलेल्या १२७८ रुग्णांचं लॅक्टेट आणि त्यांचं पुढं काय झालं, हे एकत्र मांडलं. लॅक्टेट २.५ च्या आत असलेल्यांपैकी ४.९ टक्के दगावले. २.५ ते ४ च्या मधले ९ टक्के. ४ आणि त्यावरचे २८.४ टक्के. म्हणजे दारातून आत आलेल्या, वरवर सारख्याच तापलेल्या माणसांमध्ये एक जण दुसऱ्यापेक्षा जवळजवळ सहापट धोक्यात असतो, आणि ते कपाळाला हात लावून कळत नाही. बीपीवरूनही कळेलच असं नाही. धट्टाकट्टा शेतकरी गडी आतून कोसळत असताना वरचं बीपी ११० दाखवत राहतो, कारण त्याच्या रक्तवाहिन्या आवळून शरीर ते धरून ठेवतं. त्याच वेळी लॅक्टेट पाचावर गेलेलं असतं. आयसीयूत मृत्यूचा धोका मोजायची 'अपाची-दोन' ही पद्धत १९८५ पासून जगभर वापरात आहे. तिच्यातही धमनीतल्या रक्ताचा पीएच हा एक घटक आहे. सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने शरीराचे अवयव बिघडू लागण्याच्या, २०१८ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत पहिल्या तासात करायच्या कामांत लॅक्टेट मोजणं आहे, आणि ते २ च्या वर निघालं तर पुन्हा मोजायचं आहे. आपल्याकडे हा पहिला तास तालुक्यात संपतो आणि मशीन जिल्ह्यात असतं.

पीएचचा एक आकडा न मोजल्याने काय होतं, याचा सगळ्यात मोठा धडा १९५२ साली कोपनहेगनने घेतला. त्या उन्हाळ्यात तिथं पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात ऐन भरात रोज पन्नासपर्यंत रुग्ण दाखल होत होते. श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्यांपैकी पहिल्या काही आठवड्यांत ३१ जणांना कृत्रिम श्वास देणाऱ्या यंत्रांवर ठेवलं, त्यातले २७ गेले. प्रयोगशाळेत रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजत होते, तो खूप जास्त येत होता, आणि अनुभवी डॉक्टर त्याचा अर्थ लावत होते की रक्त अल्कलीकडे झुकलंय, का ते कळत नाही. बियोर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावलं. त्याने ते कागद आणि शवविच्छेदनाचे अहवाल बघून सांगितलं, अर्थ उलटा आहे. हा वायू साचलाय, कारण माणसं पुरेसा श्वासच घेत नाहीत, रक्त आम्ल झालंय. २७ ऑगस्टला एका १२ वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून त्याने हाताने पिशवी दाबून श्वास दिला. ती जगली. मग वैद्यकीय शाखेचे पंधराशेच्या आसपास विद्यार्थी पाळ्या लावून, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे हाताने पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण सत्त्याऐंशी टक्क्यांवरून निम्म्याच्या खाली आलं. पौल आस्ट्रुप हा तिथला प्रयोगशाळेचा प्रमुख. त्याने पीएच प्रत्यक्ष मोजून इब्सेनचं म्हणणं खरं ठरवलं, आणि पुढं रक्तातल्या वायूंच्या मोजणीत आयुष्य घातलं. आजचं ब्लड गॅस मशीन त्या साथीतून आलेलं आहे, अतिदक्षता विभागही.

मला या कथेतली त्या तज्ज्ञांची फसगत महत्त्वाची वाटते. ते आळशी नव्हते, अडाणी तर नव्हतेच. हातात अर्धवट आकडा होता आणि पीएच नव्हता, एवढंच. आपल्याकडे बोटाला लावलेल्या क्लिपने नेमकं हेच होतं. क्लिप ऑक्सिजन सांगते. साचलेल्या कार्बन डायऑक्साइडबद्दल ती अवाक्षर काढत नाही.

निपाणीचं उदाहरण घेते. तिथं तंबाखू आहे, विड्या आहेत. पन्नाशी ओलांडलेली एखादी मावशी घ्या. कधी ओढलं नाही, पण लहानपणापासून चुलीचा धूर आणि तंबाखूची धूळ छातीत गेलेली. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये, सिगारेट न ओढणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडीबद्दल, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसणाऱ्या आजाराबद्दल, लिहून जगाचं लक्ष वेधलं. ती माणसं म्हणजे आपल्या या मावश्या-आक्काच. थंडीत तिचा दमा उसळतो. क्लिपवर ८४ येतं. घरचे घाबरतात. "डॉक्टर, ऑक्सिजन फुल सोडा की ओ," असं मुलगा हात जोडून म्हणतो, आणि आपणही नळ पूर्ण उघडतो. क्लिप ९९ दाखवते. मावशी शांत होते, डोळे मिटते. सगळ्यांना हायसं वाटतं, गाडी निघते. संकेश्वर ओलांडेपर्यंत मावशी हाकेला ओ देत नाही. ती झोपलेली नसते. ज्यांची फुप्फुसं वर्षानुवर्षं खराब झाली आहेत त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की त्यांच्यात कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच पडतो, आणि मेंदूवर गुंगी येते. क्लिप मात्र ९९ दाखवतच असते.

ही काही माझ्या एकटीची समजूत नाही. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात ॲम्ब्युलन्समध्येच याचा प्रयोग झाला, तो २०१० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. दम लागलेल्या ४०५ रुग्णांपैकी काहींना नेहमीसारखा जोरात ऑक्सिजन दिला, काहींना मोजून, ८८ ते ९२ टक्के राहील इतकाच. जोरात दिलेल्यांतले ९ टक्के दगावले, मोजून दिलेल्यांतले ४ टक्के. औषध तेच, गाडी तीच, फक्त नळ किती फिरवला याचा फरक. आणि पीएच ७.३५ च्या खाली, कार्बन डायऑक्साइड वर, असं कागदावर दिसलं तर त्या मावशीला तोंडावर मास्क बांधून दाबाने श्वास देणारं बायपॅप लावायचं असतं. त्याने नळी घालायची वेळ टळते, मृत्यू टळतात, हे आता वादातीत आहे. बायपॅप तालुक्यातही असू शकतं. ते कुणाला लावायचं हे सांगणारं मशीन मात्र शेजारी हवं.

कोविडनंतर आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत व्हेंटिलेटर आले, ऑक्सिजनचे प्लांट आले, फिती कापल्या गेल्या. ते आले हे चांगलंच झालं. पण ब्लड गॅसशिवाय व्हेंटिलेटर चालवणं म्हणजे वजनकाट्याशिवाय साखर कारखाना चालवणं. ऊस गाळला जातो, किती आला आणि कुणाचा किती हे कुणालाच सांगता येत नाही.

मशीन नसल्याने जीव जातो तो फक्त उशिराने जात नाही, उलट्या उपचारानेही जातो. कुणाच्याही ध्यानात न आलेला लहानपणीचा मधुमेह असलेला पोरगा घ्या. दोन दिवस उलट्या, पोटात दुखतंय, आणि आता धाप. ही धाप दम्याची नसते. छातीत शिटी वाजत नाही. श्वास खोल, एकसारख्या लयीत, न थकता ओढल्यासारखा चाललेला असतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. जर्मन डॉक्टर कुसमाउल यांनी १८७४ मध्ये या श्वासाचं वर्णन केलं. रक्तात किटोनचं आम्ल साचलंय, आणि शरीर ते कमी करायला जिवाच्या आकांताने कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकतंय. त्याला दम्याचं इंजेक्शन द्यायचं, किंवा पोट धरून अपेंडिक्सकडे बघायचं, हे मी होताना पाहिलंय. शुगर मोजायचं छोटं यंत्र सगळीकडे आहे, ते काढलं तर निम्मं कोडं सुटतं, ते तरी काढाच. पण त्याहून वाईट म्हणजे असा पोरगा दमला म्हणून त्याला गुंगी देऊन नळी घालायची आणि व्हेंटिलेटर नेहमीच्या गतीवर लावायचा. तो स्वतः मिनिटाला ३५ खोल श्वास घेत होता. यंत्र १४ देतं. काही मिनिटांत कार्बन डायऑक्साइड वर चढतो, ७.० वरचा पीएच आणखी कोसळतो, हृदय थांबतं. नातेवाइकांना सांगितलं जातं, आणलं तेव्हाच सिरियस होता.

यावर जाणकार वाचक म्हणतील की धमनीत सुई घालणं दुखतं, जमायला सराव लागतो, रात्री दोनला तालुक्याच्या दवाखान्यात कोण करणार. बरोबर आहे. पण पहिल्या निर्णयासाठी धमनीच लागते असं नाही. शिरेतल्या रक्ताचा पीएच धमनीपेक्षा साधारण ०.०३ नी कमी येतो, एवढं ध्यानात ठेवलं की आम्लता कळते. लॅक्टेटचा अंदाज येतो, आणि शिरेतला कार्बन डायऑक्साइड ४५ च्या आत असेल तर तो साचलेला नाही असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. सलाईन लावायला सुई घालतोच, त्याच सुईतून मिलिलिटरभर रक्त घ्यायचं. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा तेवढा काढायचा.

दुसरे म्हणतील, रक्ताचे नमुने आपण जिल्ह्याला पाठवतोच, हेही पाठवू. तिथंच तर ग्यानबाची मेख आहे. काविळीचं, थायरॉइडचं रक्त डब्यात भरून बेळगावला गेलं तरी चालतं. हे चालत नाही. सिरिंजमधल्या रक्तपेशी जिवंत असतात, त्या साखर खातात आणि आम्ल सोडतात. अर्ध्या तासाच्या आत रक्त मशीनला लावलं नाही तर आपण रोग्याचा पीएच मोजत नाही, प्रवासाचा मोजतो. म्हणून या बाबतीत नमुना मशीनकडे नेता येत नाही, मशीनच रोग्याच्या खाटेपाशी आणावं लागतं. हातात धरता येतील अशी यंत्रं आहेत. दोन-चार मिनिटांत आकडे देतात. बहुतेकांवर त्याच थेंबात पोटॅशियम आणि शुगरही येते, म्हणजे डायलिसिस चुकवलेल्या रुग्णाचं हृदय कधी अडखळेल याचाही इशारा मिळतो. किंमत काही लाखांत, दर तपासणीला काहीशे रुपये. एका ॲम्ब्युलन्सच्या किमतीपुढं हा खर्च फार नाही.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो मी टाळणार नाही. २०१९ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या पाच देशांतल्या २८ रुग्णालयांत सेप्टिक शॉकच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने बीपी कोसळलेल्या, ४२४ रुग्णांवर एक तुलना झाली. निम्म्यांचे उपचार लॅक्टेट बघून चालवले. निम्म्यांचे बोट दाबून, म्हणजे बोटाच्या टोकावर काच दाबून धरायची, दहा सेकंद, आणि सोडल्यावर रंग तीन सेकंदांत परत येतो का ते बघायचं. बोटवाल्या गटात २८ दिवसांत ३४.९ टक्के दगावले, लॅक्टेटवाल्या गटात ४३.४ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर फरक अगदी थोडक्यासाठी सिद्ध व्हायचा राहिला, पण बोट लॅक्टेटपेक्षा मागं पडलं नाही, हे तर दिसलंच. मग मशीन कशाला? माझं उत्तर : बोट आजपासून दाबा. प्रत्येक आशा कार्यकर्तीला, १०८ च्या प्रत्येक टेक्निशियनला ते शिकवा, त्याला छदाम लागत नाही. खानापूरच्या जंगलातल्या आमगाव-कृष्णापूरसारख्या ठिकाणाहून आजाऱ्याला बांबूला झोळी बांधून आणावं लागतं, तिथं बोट हेच मशीन. पण बोट रक्ताभिसरण सांगतं. निपाणीच्या मावशीचा कार्बन डायऑक्साइड आणि त्या पोराचं किटोनचं आम्ल बोटाला कळत नाही. शिवाय तो अभ्यास उपचार कशावरून चालवावेत याचा होता. कुणाला आधी पळवायचं हे ठरवायला पहिलं लॅक्टेट निरुपयोगी आहे, असं त्यातून निघत नाही.

आकडा हाती आला की तो 'दुरुस्त' करायचा मोहही होतो. सोडाबायकार्बची बाटली कपाटात असतेच. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या अतिदक्षता विभागांत पीएच ७.२० आणि त्याखाली गेलेल्या ३८९ रुग्णांवर हे तपासलं, तेव्हा सगळ्यांचा मिळून विचार करता फायदा सिद्ध झाला नाही. ज्यांच्या मूत्रपिंडांनाही बऱ्यापैकी इजा झाली होती, त्यांच्यात काही फायदा दिसला. म्हणजे सोडा टाकून कागदावरचा पीएच सुधारला म्हणून माणूस सुधारला असं होत नाही. आम्ल कुठून येतंय ते शोधायचं. जंतूंमुळे असेल तर अँटिबायोटिक, रक्तस्रावामुळे असेल तर रक्त आणि टाके, शुगरमुळे असेल तर सलाईन आणि इन्सुलिन.

आणि याच कारणाने मला दुसऱ्या एका गोष्टीची धास्ती वाटते. उद्या हे आकडे तालुक्यात मिळू लागले, तर कुणीतरी ६.९ बघून म्हणेल, "आता काही उपयोग नाही, घरी न्या." असं होता कामा नये. ६.९ पीएचचा, किटोनचं आम्ल साचलेला पोरगा वेळेत सलाईन-इन्सुलिन मिळालं तर आठवड्याभरात घरी चालत जातो. फिट येऊन गेलेल्या माणसाचा पीएच काही मिनिटांपुरता भीतिदायक खाली जातो आणि तासाभरात आपोआप सावरतो, कारण ते आम्ल स्नायूंच्या झटक्यांचं असतं. तोच आकडा तीन दिवस लघवी बंद असलेल्या, सेप्सिसने पोखरलेल्या आजोबांचा असेल तर गोष्ट वेगळी. बॉस्टनच्या त्या हिशेबात सगळ्यात वरच्या लॅक्टेटचे २८ टक्के दगावले, याचा अर्थ ७२ टक्के जगले. आकड्याने घाई ठरवायची. आशा सोडायची की नाही, हे एका पट्टीवरून ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

आता सीमेचं बोलते, कारण इथं राहून ते टाळता येत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. कर्नाटकाने हरकत घेतली, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची भाषणं झाली. मला ती योजना हवीशी वाटते, कारण अथणीच्या माणसाचा पहिला तास मिरजेकडे जातो, बेळगावकडे जात नाही. त्याने तिथं दाखल व्हावं आणि कर्जात बुडू नये, यात गैर काही नाही. पण योजना खाटेचे पैसे देते. खाटेपर्यंत माणूस कुठल्या अवस्थेत पोचतो, हे ठरतं कर्नाटकातल्या तालुका रुग्णालयात. म्हणून हे मशीन मागायचं ते कर्नाटक सरकारकडेच.

हे आपल्यातल्या काहींना रुचणार नाही. सत्तर वर्षं आपण १७ जानेवारीला हुतात्म्यांना वंदन केलं, १ नोव्हेंबरला काळा दिन पाळला, पाट्यांसाठी, शाळांसाठी, मराठी कागदपत्रांसाठी मोर्चे काढले. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यातल्या कशाचंही मोल मी कमी करत नाही, माझ्या घरातली माणसंही त्या मोर्च्यांत होती. पण कॅज्युअल्टीत काय आहे आणि काय नाही, याची मागणी आपल्या निवेदनांत मला फारशी दिसलेली नाही. ज्या सरकारशी भांडण आहे त्याच्याकडे दवाखान्यासाठी मागणं म्हणजे हार मानणं, असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. कर इथं भरतो, मत इथं देतो, मागायचंही इथंच. आणि या मागणीला शेजारचा कन्नड बोलणारा शेतकरीही सही करील, त्याची आई त्याच वॉर्डात पलीकडच्या खाटेवर असते.

२०२२ च्या डिसेंबरात दोन्ही विधिमंडळांनी काही दिवसांच्या अंतराने सीमेवर ठराव केले, कर्नाटकाने बेळगावच्या सुवर्ण विधान सौधात, महाराष्ट्राने नागपुरात. दर डिसेंबरात कर्नाटकाचे मंत्री बेळगावात मुक्कामाला असतात. आरोग्यमंत्र्यांना एक साधा प्रश्न लेखी विचारता येतो : जिल्ह्यातल्या कोणत्या तालुका रुग्णालयांत ब्लड गॅस मशीन आहे, किती चालू आहेत, गेल्या वर्षात प्रत्येकावर किती तपासण्या झाल्या? तिसरा भाग महत्त्वाचा. मशीन असणं आणि वापरलं जाणं यांत कोसांचं अंतर असतं.

दुसरी गोष्ट दोन राज्यांनी मिळून करायची. निपाणीची चिठ्ठी कोल्हापुरात आणि अथणीची मिरजेत बिनदिक्कत चालली पाहिजे. आधी फोन जावा, 'पीएच ७.१२, लॅक्टेट ६, बीपी इतकं, अमुक दिलंय, निघालो'. म्हणजे तिकडं खाट, रक्त, डायलिसिस तयार राहील. चिठ्ठी कन्नडमध्ये असो की इंग्रजीत, हे आकडे दोन्हीकडच्या डॉक्टरांना एका नजरेत कळतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर सीमावर्ती जिल्ह्यांच्या बैठका पुरासाठी होतात, कृष्णा-दूधगंगेच्या पाण्याच्या विसर्गाचे आकडे एकमेकांना कळवले जातात. तिथंच हा विषय ठेवता येईल. कार्ड कुठल्या राज्याचं, हा प्रश्न माणूस स्थिर झाल्यावर विचारावा.

आणि मागताना नुसतं मशीन मागू नका. ते येईल, फोटो निघेल, आणि सहा महिन्यांनी कपड्याखाली झाकलेलं दिसेल, कारण कार्ट्रिज, म्हणजे तपासणीला लागणाऱ्या छोट्या डब्या, संपलेल्या असतील. हातात धरायच्या यंत्रांच्या कार्ट्रिज बहुधा फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, त्यांना मुदत असते, आणि मे महिन्यात लाईट गेली की त्या खराब होऊ शकतात. लशींसाठी जो फ्रीज जपला जातो, तसाच जपणारा फ्रीज त्यांनाही हवा. टेंडर काढताना मशीनच्या किमतीसोबत तीन वर्षांच्या कार्ट्रिज, दर महिन्याची तपासणी आणि बिघडल्यास ठरावीक दिवसांत दुरुस्ती, हे लिहून घ्यावं लागेल. रात्रपाळीच्या नर्सना रक्त काढून मशीनला लावायला शिकवावं लागेल, फक्त प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाला शिकवून भागणार नाही, तो पाचला घरी जातो. रुग्णालयाच्या आरोग्य रक्षा समितीत गावचे लोक असतात. त्यांनी दर बैठकीत कार्ट्रिजचा साठा विचारावा. सुरुवात निपाणी, खानापूर आणि अथणी या तिघांपासून व्हावी : निपाणीत छातीचे आजार आणि हायवे आहे, खानापुरात जंगल आहे, आणि अथणीहून तर दोन्ही बाजूंची मोठी रुग्णालयं तासाच्या पलीकडं आहेत.